लिंबूची बाग तोडली, बुंधे जमिनीतच आहेत – जेसीबी लावू का पोकलेन?

बोरीकाठ
राम राम मंडळी. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, सालदाराचं नवं साल सुरू झालं, आता पावसाच्या आत एक काम उरकायचंय म्हणून धागा काढतोय. पारोळा तालुक्यात बोरी नदीच्या अलीकडे आमचा काळ्या मातीचा तुकडा आहे. अर्ध्याहून जास्त भागात वडिलांनी लावलेली कागदी लिंबूची बाग होती, डिंक्या रोगानं निम्मी वाळली आणि उरलेली झाडं नावालाच उभी होती म्हणून तोडायला दिली. बाकीचा भाग नाल्याकडचा, तिथं वेडी बाभूळ माजलेली, मधात दोन जुने कडुनिंब, आणि बांधावर देशी बाभळी. सगळं एका लाकूडवाल्याला उक्तं दिलं होतं, त्यानं चेनसॉ लावून पार जमिनीसरसं कापून नेलं, वर दिसायला शेत मोकळं पण खाली बुंधे तसेच. नांगरवाला येऊन बघून गेला, म्हणे फाळ मोडला तर भरून देणार का?
जूनमध्ये ठिबकवर कपाशी घ्यायची आहे. जेसीबी करू का पोकलेन, मूळ पार खालपर्यंत काढावं लागतं का, आणि निघालेल्या बुंध्यांचं करायचं काय? बांधावर एक चिंच अजून उभी आहे, मशीन येतंच आहे तर तीपण काढून टाकावी असं मनात आहे.

मशीनवाला_धुळे
दोन जेसीबी आहेत माझ्या, त्यामुळे माझं बोलणं धंद्याचं वाटेल, पण ऐका. लाकूडवाल्यानं जमिनीसरसं कापलं तिथंच तुमचा खर्च वाढला. बुंधा काढायचा ठरला असेल तर झाड कधीच खालून कापायचं नसतं, तीन-चार फूट खोड उभं ठेवायचं. मशीनने आजूबाजूची मुळं तोडली की त्या खोडावर वरून बकेट टेकवायची आणि ढकलायचं, खोडच पहारीसारखं काम करतं आणि मूळ उखडून वर येतं. सपाट बुंध्याला धरायला काहीच राहत नाही, सगळा जोर खालून लावावा लागतो. लाकूडवाल्याला खालपर्यंतचं लाकूड हवं असतं, त्याचा त्यात फायदा, तुमचा नाही. पुढच्या वेळी सौदा करतानाच बोलून घ्या.
आता लिंबू. लिंबूची मुळं वरवर पसरतात, मागच्या बकेटचे दात एका बाजूनं खाली घालून उचललं की गठ्ठा वर येतो, एकेक मिनिटांचं काम आहे. त्याच्यासाठी पोकलेन आणणं म्हणजे पैशाची नासाडी. जेसीबी रस्त्यानं स्वतः चालत येते, पोकलेनला ट्रेलर लागतो, येण्याजाण्याचं भाडं वेगळं.
कडुनिंबाला मात्र घाई चालत नाही. बुंध्यापासून दोन-तीन फूट लांब, आधी तीन बाजूंनी चर खोदायचा, बकेटच्या रुंदीचा, आडवी मुळं तिथंच तुटतात. मग चौथ्या बाजूनं, म्हणजे मशीनच्या बाजूनं, खाली दात घालायचे आणि स्वतःकडे ओढायचं. जेसीबीच्या मागच्या हाताची ताकद ओढण्यात आहे. काही ऑपरेटर बकेट आडवी फिरवून बुंध्याला झटके देतात, त्यानं बुंधा हलत नाही पण मशीनच्या पिना आणि फिरवायचे सिलिंडर जातात. तुमच्या शेतात कोणी असं करत असेल तर थांबवा, कारण मशीन बंद पडलं की ते तुमच्याच शेतात उभं राहतं!! बकेटपण साधी मोठी नको, फुटा-दीड फुटाची अरुंद, चांगले दात असलेली मागा.

सातपुडा_शेती
मशीनवाले भाऊंशी लिंबूपुरता सहमत, पण निंब आणि देशी बाभूळ यांच्यासाठी मी पोकलेनच म्हणेन. आमच्या चोपड्याकडे केळीसाठी रान मोकळं करताना दोन्ही बघितलंय. वीस टनाच्या पोकलेनपुढे सात-आठ टनाची जेसीबी जोराला कमीच पडते, बुंधा अडला की जेसीबीचे मागचे पाय उचलतात आणि आपण तासाचे पैसे मोजत उभे. शिवाय पोकलेन पट्ट्यावर चालतं, वजन पसरतं, काळी माती कमी दाबली जाते. रबरी चाकांची जेसीबी एकाच जागी पुढेमागे करून करून माती दगड करून टाकते.

मशीनवाला_धुळे
माती दगड होते ती ओली असताना. वैशाखात कोरडी असते तोवर काही होत नाही. आणि दोन निंबासाठी पोकलेनचं ट्रेलर भाडं कोण देणार, ते पण सांगा की.

सातपुडा_शेती
दोन निंब, पण बाभळी किती ते बोरीकाठ भाऊंनी सांगितलंच नाही अजून.

आबा_साक्री
भो, आमना टाईमले जेसीबी कोठे व्हतं. माटी खंदी, मुया तोड्या, साखय बांधी आन बैलजोडी लाई दिधी का बठ्ठं बाहेर!
बरं मराठीत सांगतो, नाहीतर पुण्यावाले म्हणतील आबा काय बोलला. आता बैल नाहीत तर ट्रॅक्टर आहे घरचा. लिंबूचं खुंट आहे ना, त्याला कशाला मशीन, साखळी बांधा आणि ट्रॅक्टरनं हिसका द्या. पैसे वाचतात.

सातपुडा_शेती
आबा, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, हे इथं वाचून कोणीतरी करेल म्हणून बोलावं लागतंय. साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलला किंवा वरच्या टॉपलिंकच्या जागी बांधली आणि बुंधा हलला नाही, की मागची चाकं जागेवर थांबतात आणि ट्रॅक्टरच स्वतःच्या एक्सलभोवती फिरायला बघतो, पुढची चाकं हवेत. उलटायला एक-दीड सेकंद लागतो, क्लच दाबायला पाय जाईपर्यंत ट्रॅक्टर अंगावर. यात माणसं जातात, दरवर्षी जातात. ओढायचंच असेल तर खालच्या ड्रॉबारच्या हुकाला, एक्सलच्या खाली, कमी गिअरमध्ये, हळूहळू ताण देत. हिसका नाहीच. आणि साखळी तुटली तर ती मागं येते तेव्हा गोळीसारखी येते, तिच्या लांबीच्या टप्प्यात एकही माणूस उभा नको, त्यात बघायला आलेली पोरंपण आली.

आबा_साक्री
ते खरं आहे. हुक खालीच पाहिजे. बैलाची गोष्ट वेगळी होती, बैल अडला की थांबायचा.

बोरीकाठ
ट्रॅक्टर ठेवतो बाजूला, घरात आधीच बोलणी झालीत त्यावरून. सातपुडा भाऊ, बांधावरच्या देशी बाभळी सात-आठ असतील, बुंधे मांडीएवढे जाड. वेडी बाभूळ मोजणं शक्य नाही, नाल्याच्या बाजूला सगळा गचपणच होता.

गाववाला_पुण्यात
मी गावापासून लांब असतो त्यामुळे चूकभूल द्यावी. पण स्टंप ग्राइंडर म्हणून मशीन असतं ना, ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालतं, बुंध्याचा जागेवर भुसा करतं. खड्डा नाही, माती उलटीपालटी नाही. व्हिडिओ बघितले की फार समाधान वाटतं 😀 ते का नाही वापरत आपल्याकडे?

शहादेकरीण
व्हिडिओतलं समाधान अंगणातल्या एका झाडापुरतं बरं. ग्राइंडर फूटभर खालपर्यंत बुंधा चुरतं, बाजूची मुळं तशीच जमिनीत राहतात. घरासमोरच्या लॉनला ते चालतं, पण जिथं खोल नांगरट करायची आणि ठिबकची सबमेन (मोठी नळी) गाडायची तिथं ती मुळं आडवी येणारच. दुसरं म्हणजे तो भुसा मातीत मिसळला की कुजवणारे जिवाणू कुजवण्यासाठी मातीतला नत्र वापरतात आणि पहिल्या हंगामात त्या जागी पीक पिवळं पडतं. भुसा उचलून बाजूला नेला तर ठीक, पण मग बुंधा उचलण्यात आणि भुसा उचलण्यात फरक काय राहिला?

आता बोरीकाठ दादांसाठी, कारण मूळ पोस्टमधल्या चिंचेबद्दल कोणीच बोललं नाही. चिंच तोडू नका, निदान अशी मशीन आलंय म्हणून तर मुळीच नाही. महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन अधिनियम १९६४ च्या अनुसूचीत चिंच आहे, आंबा, मोह, साग, खैर, चंदन, जांभूळ हेही आहेत. स्वतःच्या मालकीच्या शेतात असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची आधी परवानगी लागते. शेजाऱ्याशी तुमचं कसं आहे माहीत नाही, पण बांधावरच्या चिंचेसाठी तक्रार करणारा माणूस नेहमी बांधाच्या पलीकडेच सापडतो.
बांधाचा विषय निघालाच आहे तर, मशीन बांधाकडे नेण्याआधी हद्दीचे दगड शोधून त्यांना चुना मारून ठेवा आणि शेजाऱ्याला त्या दिवशी समोर उभं करा. आमच्या सासरी मशीनच्या बकेटखाली एक दगड उखडला गेला आणि त्यापायी मोजणी मागवावी लागली, आणि मोजणीत काय काय निघतं ते खेड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. सामाईक बांधावरची बाभूळ एकट्याची नसते हेही लक्षात ठेवा.

गाववाला_पुण्यात
ओके ताई, ग्राइंडर मागे घेतला 🙏

बोरीकाठ
चिंच राहू दे मग. आमची आई तर पहिल्यापासून नाहीच म्हणत होती, तिला आता कायद्याचा आधार मिळाला. शेजारी चुलतभाऊच आहेत, त्यांना बोलावतो.
वेडी बाभळीचं सांगा कोणी. ती कितीही तोडली तरी फुटते. मूळ पार पाणी लागेपर्यंत खाली गेलेलं असतं म्हणतात, तेवढं खोदायचं का?

गिरणाथडी
नाही, आणि इथंच लोक फुकट डिझेल जाळतात. वेडी बाभूळ खोल मुळावरून फुटत नाही. तिचे फुटव्याचे डोळे खोड आणि मूळ जिथं जुळतात त्या गाठीत असतात, जमिनीच्या जरा खाली. ती गाठ फूट-सव्वाफूट खालून तोडून बाहेर काढली की खालचं सोटमूळ कुजून जातं. उलट वरवर कापलेली किंवा नुसती जाळलेली बाभूळ एका जागी चार-पाच फांद्या काढते आणि मग गचपण आणखी दाट होतं. त्यामुळे ऑपरेटरला सांगायचं, आख्खं मूळ नको, गाठीच्या खालून तोड आणि गाठ वर काढ. जेसीबीला हे सोपं जातं. कडुनिंबाचं वेगळं, तो बाजूच्या मुळांवरूनही फुटतो, तिथं जितकी आडवी मुळं निघतील तितकी काढा, दोनेक वर्षं कोंब दिसेल तसा उपटावा लागतो.
बुंध्यावर तणनाशक ओतायचा सल्लाही कोणी देईल. ग्लायफोसेटबद्दल केंद्राने २०२२ मध्येच अधिसूचना काढली की ते पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कोणी वापरायचं नाही. कपाशी लावायच्या जागी तसंही कशाला ओतायचं.

आता माझा खरा मुद्दा, कारण मी भडगावकडचा लिंबूवाला आहे आणि बाग काढलेली जमीन हातातून कशी जाते ते बघितलंय. मशीन कुठलं हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. पहिला प्रश्न खड्ड्यातली माती कुठं पडते. आपल्याकडे वरची काळी माती कुठं दोन फूट, कुठं चार फूट, त्याखाली पिवळसर मांजऱ्या किंवा पांढरी चुनखडीची माती लागते. ऑपरेटर काय करतो, खड्डा खोदताना सगळं एकाच ढिगात टाकतो, बुंधा काढला की पुढच्या बकेटनं सगळं खड्ड्यात लोटतो. मग चुनखडी वर आणि काळी माती खाली. त्या ठिकाणी कपाशी पिवळी पडते, पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, कारण चुन्यामुळे लोह मिळत नाही. दुकानदार औषधावर औषध देतो आणि मुळात दोष पेरणीआधीच खड्डा बुजवताना झालेला असतो.
म्हणून स्वतः उभं राहायचं. वरची काळी माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. बुजवताना खालची खालीच, थर टाकायचा, बकेटच्या पाठीने दाबायचा, मग पुढचा थर, आणि काळी माती सगळ्यात वर, शेताच्या पातळीपेक्षा वीतभर उंच. पहिल्या पावसात ती बसतेच. सपाट बुजवलेला खड्डा जूनमध्ये डबकं होतो आणि जुलैत कोळपणीला ट्रॅक्टरचं चाक तिथंच रुततं.

मशीनवाला_धुळे
हे बरोबर आहे, पण दोन ढिगांना वेळ जास्त लागतो, ते तासात धरा. आणि मालक उभा नसेल तर कुठलाच ऑपरेटर हे करणार नाही, माझापण नाही, खरं सांगतो.
तासाचं निघालंच आहे तर एक गोष्ट. भाडं घड्याळावर ठरवू नका, मशीनच्या अवरमीटरवर ठरवा, सुरू करताना आणि बंद करताना मालकाने स्वतः आकडा बघून मोबाईलमध्ये फोटो काढायचा. पण मीटर इंजिन नुसतं चालू असलं तरी पळतो. म्हणजे ऑपरेटर फोनवर बोलतोय, चहा पितोय, इंजिन चालूच, मीटर तुमच्या नावावर. जेवणाला इंजिन बंद हे आधीच ठरवा. बुंधे आधी चुन्याने खुणावून ठेवा, मशीन शोधत फिरायला नको. सगळे लिंबू ओळीत एका दमात, मग बाभळी, निंब शेवटी, म्हणजे मशीन एका बाजूने निघून जातं.

आबा_साक्री
एक राहिलं. मशीन लावायच्या चार-पाच दिवस आधी त्या कापलेल्या बुंध्यांना पाणी सोडा. वैशाखातली आपली काळी माती, भेगा एवढ्या की हात जातो, पण ढेकूळ फुटत नाही. ओली केली आणि वाफशावर आली की मूळ मोकळं होतं. चिखल नको, वाफसा पाहिजे. चिखलात मशीन गेलं तर मग सातपुडा म्हणतो ते खरं होईल.
आणि मजुरांना सांगा, बुंधा उचलला की लगेच खड्ड्यात वाकून मुळं उपटायला जायचं नाही. जुन्या बुंध्याच्या पोकळीत घोणस बसलेली असते, उन्हाळ्यात तिला तिथं गार लागतं. आधी काठी, मग हात.

शहादेकरीण
आबांचं शेवटचं वाक्य ठळक अक्षरात लावून ठेवा कोणीतरी.

बोरीकाठ दादा, नाल्याकडच्या बाजूबद्दल माझं वेगळं मत आहे, आणि ते सांगितल्यावर इथं भांडण होईल बहुतेक. नाल्याच्या काठावरचे बुंधे काढूच नका. ती बाभूळ कितीही वैताग देणारी असली तरी काठची माती तिच्या मुळांनीच धरून ठेवलेली आहे. काठ मोकळा केला आणि बोरीला पूर आला, नाला फुगला, की दोन पावसाळ्यात तुमच्या एकराचा कोपरा नाल्यात. मिळालेली जमीन आणि गेलेली जमीन बरोबर.

सातपुडा_शेती
ताई, वेडी बाभूळ काठावर ठेवली तर ती शेंगा टाकणार, गुरं शेळ्या त्या खाणार, बी शेणातून आख्ख्या शेतात. परदेशातून आणलेलं हे झाड इथं माजलं ते असंच. काठावर ठेवायचीच असेल तर देशी झाड लावा.

शहादेकरीण
लावा ना, पण आधी लावा आणि वाढू द्या, मग बाभूळ काढा. करंज, बांबू, वाळा काहीही. आधी मोकळं करून मग लावणारे मी खूप बघितले, लावायचं राहूनच जातं.

गिरणाथडी
मधला मार्ग, काठापासून पंधरा-वीस फुटाच्या पट्ट्यात मशीन न्यायचंच नाही, तिथं नुसतं वरून छाटत राहायचं, शेंगा धरू द्यायच्या नाहीत. आतल्या भागातली समूळ काढायची.

बोरीकाठ
हा पट्टा सोडणं पटतंय. तसाही त्या काठावरून गेल्या पावसाळ्यात मोठी कड ढासळली आहे.
आता शेवटचं, निघालेले बुंधे आणि मुळं. चुलतभाऊ म्हणतो एका जागी ढीग घालून पेटवून दे.

मशीनवाला_धुळे
लगेच पेटत नाही हो, काळ्या मातीचा गठ्ठा असतो मुळांत, नुसता धूर. बांधालगत रांगेत उलटे ठेवा, मुळं वर. पंधरा दिवस उन्हात माती सुकली की मशीनने किंवा घणाने ठोकलं की माती शेतातच झडते. तुमची चांगली माती बुंध्याबरोबर विकू नका. मग वीटभट्टीवाला घेऊन जातो. बाभळीच्या बुंध्याला भाव बरा, जड असतो, कोळसा चांगला पडतो. लिंबूचे जळणालाच. मुळात दगड अडकलेले असतात म्हणून चेनसॉवाला हात लावत नाही, भट्टीवाल्यालाच विचारा.

सातपुडा_शेती
आणि पेटवायचंच असेल तर वारा बघा. आपल्याकडचा वैशाखातला वारा आणि शेजारच्या खळ्यात दादर ज्वारीच्या कडब्याच्या गंजी, एक ठिणगी पुरते. खाली ठिबकचे पाइप आहेत का तेही बघा.

गिरणाथडी
बुंधे गेले म्हणजे काम संपलं असं नाही. लगेच रोटाव्हेटर घालू नका, तुटकी मुळं पात्यांत अडकतात, पाती वाकतात. आधी पलटी नांगर, मग आडवी नांगरट, दोन्ही वेळा मुळं वेचायला माणसं. हे वेचणं कंटाळवाणं आहे पण लिंबूच्या बाबतीत महत्त्वाचं, डिंक्याची बुरशी मातीत आणि मुळांच्या तुकड्यांत राहते. त्यामुळे पुढची काही वर्षं त्या जागी लिंबू, मोसंबी, संत्रा लावायचा विचारही नको. कपाशीला ती बुरशी सहसा काही करत नाही. मात्र जमिनीत राहिलेल्या मुळांवर उधई (वाळवी) येते, खड्ड्यांच्या जागी कपाशीची मर दिसली तर आधी उकरून मुळं बघा.

बोरीकाठ
जेसीबी ठरवली. अरुंद बकेटची, अवरमीटरवर, जेवणाला इंजिन बंद असं बोलून घेतलं, तर ऑपरेटर म्हणतो शेठ तुम्ही कुठं शिकून आले? निंबाचे दोन बुंधे जेसीबीने नाही निघाले तर गावात विहिरीच्या कामावर पोकलेन आलेलं आहे, तिथूनच तासाभरासाठी बोलावतो, ट्रेलर लागणार नाही. बुंध्यांना पाणी सोडलंय कालपासून.

मशीनवाला_धुळे
झकास. शेतावरून विजेची तार जाते का? जात असेल तर बूम (मशीनचा हात) वर करून मशीन हलवू देऊ नका, आणि तारेखालचा बुंधा असेल तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्या.

बोरीकाठ
एक लाइन आहे, लिंबूच्या दोन ओळींवरून. उद्या सबस्टेशनला जाऊन येतो.